पदकं अस्सल, आजोबा बनावट

जर्मन पदकांवर शिपायाचं नाव नसतं. पदक आणि त्याच्या मालकाची कागदपत्रं म्हणून एकत्र विकल्या जाणाऱ्या खोट्या संचांचा धंदा याच एका गोष्टीवर चालतो, म्हणून ती आधी सांगतो.

माझे पणजोबा ११०व्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुट-अल-अमाराच्या वेढ्यात सापडले आणि २९ एप्रिल १९१६ ला पूना डिव्हिजनने शस्त्रं खाली ठेवली तेव्हा तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांचं ब्रिटिश वॉर मेडल साताऱ्याला काकांकडे आहे. त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, सगळं उमटवलेलं आहे. असं पदक उद्या भंगारात सापडलं तरी माणूस कोण ते कळतं.

जर्मनांकडे तसं नाही. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या वर्गाचे आयर्न क्रॉस सुमारे ५० लाख वाटले गेले. काळा लोखंडी गाभा, चांदीची चौकट, समोर मुकुट आणि १९१४. मागे १८१३, कारण प्रशियाच्या राजाने हे पदक नेपोलियनशी लढताना सुरू केलं होतं. कुणी हौसेने मागे नाव कोरून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, सरकारने कोरून दिलं नाही. सुटा क्रॉस शंभर युरोच्या आत मिळतो. त्यालाच सनद, मिलिटेअरपास म्हणजे शिपायाची नोंदवही, फोटो आणि एखादं पत्र जोडलं आणि वर ‘आमच्या आजोबांचं’ म्हटलं, की किंमत दुप्पट-तिप्पट होते. इथे न्युरेंबर्गला राहायला आल्यापासून मी असेच संच जमवतो. माणूस माहीत नसलेल्या पदकात मला रस नाही, आणि माझ्यासारख्यांची ही आवड विकणाऱ्यांना नेमकी ठाऊक असते.

मला विकला गेला तो संच असा: एका पट्टीवर दुसऱ्या वर्गाचा आयर्न क्रॉस, बव्हेरियाचा तलवारींसह मिलिटरी मेरिट क्रॉस आणि १९३४ चा आघाडीवरच्या सैनिकांचा सन्मान क्रॉस. सोबत मिलिटेअरपास, सन्मान क्रॉसची सनद, गणवेशातला फोटो आणि फ्रान्सहून बायकोला लिहिलेलं एक पत्र. किंमत ४८० युरो. सुटं सुटं घेतलं असतं तर सगळं मिळून दोनशेही झाले नसते. विकणाऱ्या बाई फोनवर फार अगत्याने बोलल्या. आजोबा दारूच्या भट्टीत कामाला होते, युद्धाबद्दल कधी बोलले नाहीत, आईने सगळं कपाटात जपून ठेवलं होतं. पैसे पेपालच्या ‘मित्र व नातेवाईक’ या पर्यायाने पाठवा म्हणजे शुल्क वाचेल, हेही त्यांनीच सुचवलं. त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसतं. एवढ्या सालस आवाजात कुणी हे सुचवलं की तिथेच फोन ठेवावा.

माल हातात आल्यावर आधी पदकं पाहिली. लोहचुंबकाला गाभा चिकटला, चौकटीला चांदीचा कस होता, सन्मान क्रॉसही चुंबकाला लागला. तिन्ही अस्सल. इथेच बहुतेक जण तपासणी थांबवतात. मी अतिनील दिव्याखाली धरलं. फिती मंदच राहिल्या, पण मागची शिवण निळसर पांढरी चमकली. अशी चमक आणणारी रसायनं धाग्यात आणि कागदात दुसऱ्या महायुद्धानंतर आली. बाईंना विचारलं, तर उत्तर तयार होतं: आईने पट्टी पुन्हा शिवली होती. शक्य आहे. आधुनिक साबणात धुतलेली जुनी फीतसुद्धा चमकते, म्हणून एकट्या दिव्यावर मी कुणाला खोटं ठरवत नाही.

पत्राचा कागदही चमकला. त्याहून वाईट त्याचं अक्षर. नोंदवहीप्रमाणे हा माणूस १८८९ चा. त्या पिढीने शाळेत कुरेंट लिपी गिरवली, तिरकी आणि टोकदार. पत्र होतं झ्यूटरलीन वळणात, उभ्या गोल अक्षरांचं. हे वळण प्रशियाच्या शाळांत १९१५ पासून शिकवायला लागले, बव्हेरियात त्याहूनही उशिरा. पेशवाईतल्या कारकुनाचं पत्र म्हणून कुणी शाळेच्या कित्त्यातलं अक्षर पुढे करावं, तसला प्रकार. जुनं जर्मन लिखाण न वाचता येणाऱ्या आपल्यासारख्यांना दोन्ही सारखीच अगम्य दिसतात, हे बनवणाऱ्याने धरलेलंच असतं.

मग नोंदवही. ती खरी आहे, पण शेवटची पानं कापलेली. आयर्न क्रॉसची नोंद आहे, बव्हेरियन क्रॉसची नाही. सनदही खरी, नाव तेच. ते नाव-आडनाव बव्हेरियात गल्लोगल्ली सापडेल असं आहे. जाहिरातीतल्या फोटोत सनदेच्या शिक्क्यावर कागदाचा तुकडा चिकटवला होता. त्यात काही वावगं वाटत नाही, कारण स्वस्तिक जाहीरपणे दाखवायला जर्मन फौजदारी कायद्याच्या कलम ८६अ ची आडकाठी आहे आणि सगळेच विक्रेते ते झाकतात. इथे मात्र त्या तुकड्याखाली सनद देणाऱ्या कचेरीचं गावही झाकलं गेलं होतं. प्रत्यक्षात सनद निघाली दुसऱ्याच गावच्या टपाल कारकुनाची.

निकाल लागला तो म्युनिकच्या युद्ध अभिलेखागारामुळे. बव्हेरियन सैन्याच्या शिपायांच्या नामावळ्या, क्रीग्सस्टामरोलेन, तिथे शाबूत आहेत आणि ऑनलाइनही पाहता येतात. नोंदवहीतली जन्मतारीख, गाव आणि रेजिमेंट धरून शोधलं. भट्टीतला कामगार मिळाला. ऑक्टोबर १९१८ मध्ये लष्करी इस्पितळात वारला. सन्मान क्रॉस १३ जुलै १९३४ ला तेव्हाचे जर्मन राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी सुरू केला आणि तो अर्ज केल्यावर मिळे. त्याचा आघाडीवरच्यांसाठीचा तलवारींचा प्रकार, जो या संचात होता, हयात सैनिकांचा; मेलेल्यांच्या विधवांना आणि आईवडिलांना वेगळा, काळा क्रॉस होता. सोळा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाने अर्ज कुठून केला? कापलेली पानं कशासाठी कापली तेही कळलं. आणि जे आजोबा ‘युद्धाबद्दल कधी बोलले नाहीत’, ते घरी आलेच नव्हते.

हाच माणूस प्रशियन सैन्यातला असता तर हे सिद्ध करणं फार अवघड गेलं असतं. प्रशियाची लष्करी कागदपत्रं पॉट्सडामच्या अभिलेखागारात होती आणि १४ एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात त्यातली बहुतेक जळाली. मृत-जखमींच्या छापील याद्या उरल्या आहेत, पण धडधाकट परतलेला शिपाई त्यात सापडायचा नाही. बव्हेरियाची कागदपत्रं म्युनिकला, व्युर्टेमबर्गची श्टुटगार्टला, बाडेनची कार्ल्सरूला आहेत. या तिन्हींपैकी एखादा संच कुणी देऊ केला तर पैशाआधी नोंदवहीच्या सगळ्या पानांचे फोटो मागा, आणि सनदेच्या शिक्क्याचा फक्त मधला भाग झाकून बाकीचा फोटो मागा. खरा नातू दोन्ही देतो.

बाईंचं म्हणणं, खाजगी विक्री, परत घेणार नाही. जाहिरातीत तशी ओळ होतीच. पण जाणूनबुजून फसवलं असेल तर तिचा उपयोग नाही. जर्मन नागरी संहितेचं कलम ४४४ तेच सांगतं. कलम १२३ खाली व्यवहार मोडता येतो आणि त्याला फसवणूक कळल्यापासून वर्षभराची मुदत आहे. मी मुदत देऊन रजिस्टर पत्र पाठवलं. ते परत आलं, त्या पत्त्यावर त्या नावाचं कुणी राहत नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, पैसे आलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाच्या खात्यावर नवी जाहिरात दिसली. या वेळी आजोबा प्रशियन तोफखान्यात आहेत. बायकोला लिहिलेलं पत्र आहे, उभ्या गोल अक्षरात. सनदेच्या शिक्क्यावर कागद चिकटवलेला आहे. किंमत ६५० युरो.