सोळा महिने, सहा एक्झोरा आणि पिवळी पानं

गेल्या वर्षी जूनमध्ये पनवेलच्या तळमजल्यावरच्या घरासमोरच्या पट्टीसाठी मी 1,280 रुपयांची रोपं आणली. मिनी एक्झोराची, म्हणजे लाल गुच्छांच्या बुटक्या झुडपाची, सहा, 80 रुपयांना एक. कलमी जास्वंदी दोन, 250च्या. बोगनवेल 180ला आणि काटेरी युफोर्बिया 120ला. फूल लाल हवं, एवढीच अट होती. सासूबाईंना देवाला रोज लाल फूल लागतं आणि फुलपुडीला रोजचे 20 रुपये जातात. दोन महिन्यांत पैसे वसूल होतील असा माझा हिशोब. नर्सरीवाल्याने सगळ्यांनाच ‘मेंटेनन्स काही नाही’ म्हणून सांगितलं होतं. मी सकाळी साडेसातला घर सोडते, त्यामुळे मला तेच ऐकायचं होतं.

हा अनुभव मी खरं तर डिसेंबरात लिहायला घेतला होता. तेव्हा लिहिलेलं पहिलंच वाक्य होतं, ‘एक्झोरा घेऊ नका.’ ते आज खोडते आहे. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण त्या पिवळ्या पानांनी माझं अख्खं वर्ष खाल्लं.

पावसाळाभर सहाही एक्झोरा हिरवेगार होते, गुच्छावर गुच्छ येत होते. दिवाळीनंतर भिंतीलगतच्या चार रोपांची कोवळी पानं पिवळी पडायला लागली. पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या. पुढे नवीन पानं जवळजवळ पांढरटच यायला लागली आणि कळ्या थांबल्या. फोटो घेऊन नर्सरीत गेले. ‘पाणी जास्त होतंय’ म्हणाले. पाणी कमी केलं, पानांच्या कडा करपल्या. परत गेले, तर डीएपी (नत्र आणि स्फुरद, म्हणजे नायट्रोजन-फॉस्फरसचं खत) आणि 150 रुपयांची टॉनिकची बाटली हातात दिली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ‘रोप गेलं की आमची जबाबदारी नाही’ असं तुटकपणे सांगितलं. मला पैसे परत नको होते. रोप कुठल्या मातीत लावलंय, एवढं एकदा विचारलं असतं तरी माझे चार महिने वाचले असते.

मार्चमध्ये नणंद गुहागरहून आली. त्यांच्याकडे एक्झोराला पेंटगूळ म्हणतात. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून वाढलेली असते, तिला कोणी खत घालत नाही की पाणी. लहानपणी आम्ही सगळ्यांनी त्या फुलांच्या नळ्या ओढून मध चोखलेला आहे. नणंदेने पट्टी पाहिली आणि बोट दाखवलं. आजारी होती ती चार रोपं प्लास्टरच्या भिंतीलगत, आणि कुंडीत लाल मातीत असलेली दोन धडधाकट. हे मला इतके महिने दिसलं नव्हतं. भिंतीजवळची माती खणून वाटीत घेतली आणि वर व्हिनेगर ओतलं, तर ती फसफसली. म्हणजे चुना. बिल्डरने पट्टीत डेब्रिजची भरणी केली होती, वर फक्त वीतभर माती. पहिले चार महिने मुळं पिशवीतल्या लाल मातीत होती, म्हणून झाडं खूश होती. मुळं सिमेंटच्या चुऱ्यात पोचली आणि पिवळेपणा सुरू झाला.

एक्झोराला आम्ल माती लागते, सामू (pH, जितका कमी तितकी माती आम्ल) साधारण साडेपाच-सहाच्या आसपास. कोकणातली जांभ्याची लाल माती तशीच आहे, शिवाय लोहाने भरलेली. चुनखडीच्या मातीत लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही. नवीन पान आधी पिवळं आणि शिरा हिरव्या, ही लोहाची खूण. नत्र कमी पडलं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी होतात. हा फरक माहीत असता तर मी डीएपी घातलंच नसतं. जास्त स्फुरदाने लोहाची अडचण आणखी वाढते. आणि कीड नको म्हणून मी दर रविवारी चुलीची राख टाकत होते. राखेने सामू वर जातो. टँकरचं पाणीही जड होतं, कुंड्यांवर पांढरा थर बसायचा. म्हणजे तिन्ही बाजूंनी मीच त्यांना चुना घालत होते.

पहिल्या पावसात चारही रोपं उपटली, दीड फूट खोल खड्डे करून डेब्रिज काढलं आणि गुहागरहून एसटीने आलेली दोन पोती जांभ्याची माती व पालापाचोळ्याचं खत भरलं. भिंतीपासून फूटभर लांब लावली. कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह आणलं. इथे लक्ष द्या: स्वस्त मिळतं ते ईडीटीए, चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही. ईडीडीएचए मागा. महाग आहे, पण पाच लिटरला छोटा चमचा पुरतो. तीन-चार आठवड्यांत नवी पानं हिरवी आली. एक रोप गेलं. बाकीची गणपतीत इतकी फुलली की विकतचं फूल आणावं लागलं नाही. गुच्छ झाडावर आठवडेच्या आठवडे टिकतो, जास्वंदीसारखा संध्याकाळी मिटत नाही.

कलमी जास्वंदीबद्दल डिसेंबरात मी भरभरून लिहिलं होतं, तेही मागे घेते. फुलं ताटलीएवढी, पण उन्हाळ्यात पिठ्या ढेकणाने शेंडे पांढरे केले. मुंग्या त्या ढेकणांची राखण करतात, त्यामुळे मुंग्यांची वाट तोडल्याशिवाय फवारणीचा उपयोग नाही. साबणाचं पाणी, निंबोळी तेल, दर पंधरा दिवसांनी. एक मेमध्ये मेली, दुसरीच्या कळ्या गळतात. पाचशे रुपये त्यात गेले. शेजारच्या काकूंनी दिलेली गावठी लाल जास्वंदीची पेन्सिलीएवढी काडी ऑगस्टात खोचली होती, फुकटात. आज ती रोज तीन-चार फुलं देते. ढेकूण तिच्यावरही येतात, पण शेंडा छाटला की महिन्याभरात नवी फूट येते आणि फूल नव्या फुटीवरच येतं.

बोगनवेल पावसाळ्यात नुसती पानं आणि काटे. डिसेंबर ते मे छान, तीही पाणी तोडलं तर. युफोर्बियाला वळचणीखाली ठेवलं आहे, भिजलं तर बूड कुजतं. बाकी वर्षभर लाल. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. बेसिनच्या पाण्याच्या वाटेवर सासूबाईंनी माहेरून आणलेले कर्दळीचे कंद लावले आहेत, फुलून गेलेला दांडा बुडातून कापणं एवढंच काम. आणि गणेशवेल कुठून आली माहीत नाही. भाद्रपदात कुंपणावर लाल चांदण्या, आणि बी आपोआप पडतं.

पुन्हा घ्यायचं झालं तर एक्झोराच घेईन, पण आधी मातीवर व्हिनेगर ओतून. मेलेल्या रोपाच्या खड्ड्यात विकतचं काही लावलेलं नाही. नणंदेने पाठवलेली पेंटगुळीची काडी ऑगस्टात खोचली. आत्तापर्यंत चार पानं फुटली आहेत, चारही हिरवी.