औषध सोडणारे इम्प्लांट: विघटनशील पदार्थ घ्यावा की टिकाऊ?

त्वचेखाली बसवायच्या औषधी इम्प्लांटसाठी पदार्थ ठरवताना संशोधकापुढे पहिला पेच असतो, तो पीएलजीएसारखा (लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या घटकांपासून बनलेला) शरीरात विघटित होणारा पॉलिमर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ, घ्यावा की ईव्हीए (इथिलीन-व्हिनाइल अॅसिटेट) किंवा सिलिकोनसारखा वर्षानुवर्षे तसाच राहणारा घ्यावा, हा. विघटित होणारा पदार्थ ऊतींना अधिक मानवतो, अशी समजूत अनेकदा त्यामागे असते. प्रत्यक्षात ऊती दोघांनाही परकेच मानतात. त्यांची प्रतिक्रिया केव्हा उसळते आणि केव्हा शमते यात मात्र मोठा फरक आहे, आणि निवड या वेळापत्रकावरूनच व्हावी, असे माझे मत आहे.

सुरुवात दोन्हीकडे सारखी असते. इम्प्लांट आत जाताच त्याच्या पृष्ठभागावर रक्तातील प्रथिने चिकटतात; पहिल्या काही दिवसांत न्यूट्रोफिल या संरक्षक पांढऱ्या पेशी येतात, पाठोपाठ परके कण गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी येतात आणि त्यांतील काही एकमेकांत मिसळून अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी बनतात. पुढे साधारण दोन ते चार आठवड्यांत कोलॅजन या प्रथिनाचे तंतुमय वेष्टण तयार होते. पहिल्या पंधरवड्यातील दाहात जखमेचाच वाटा मोठा असल्याने तेवढ्यावरून पदार्थाची पारख करणे घाईचे ठरते.

टिकाऊ पदार्थाभोवती वेष्टण एकदा पक्के झाले की परिस्थिती बरीच स्थिरावते. इम्प्लानॉन ही गर्भनिरोधक कांडी याचे चांगले उदाहरण आहे. सुमारे 40 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर जाड असलेल्या ईव्हीएच्या या कांडीत 68 मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल हे स्टेरॉइड संप्रेरक असते आणि ती तीन वर्षांसाठी बसवली जाते. औषध सुटण्याचा वेग ईव्हीएच्या पडद्यावर ठरतो, आणि स्टेरॉइडचे लहान, मेदस्नेही रेणू पातळ वेष्टणातून सहज पार होतात. मोठ्या प्रथिनाला मात्र तेच वेष्टण अडसर ठरू शकते. शिवाय औषध संपले तरी कांडी उरते आणि ती काढावी लागते. सहा सिलिकोन नळ्यांच्या नॉरप्लांट या जुन्या गर्भनिरोधक इम्प्लांटमध्ये, विशेषतः नळ्या खोल बसल्या असतील तर, तंतुमय ऊतीतून त्या सोडवणे अवघड जात असे; त्यामुळे काढण्याची सोय हा निवडीतला दुय्यम मुद्दा मानू नये. शुद्धतेचेही तसेच आहे. सशाच्या कॉर्नियात केलेल्या प्रयोगांत न धुतलेल्या ईव्हीएने दाह निर्माण केला, तर अल्कोहोलने धुतलेल्या ईव्हीएने केला नाही. म्हणजे पॉलिमरचे नाव पाहून भागत नाही, त्यात काय शिल्लक राहिले आहे हेही पाहावे लागते.

पीएलजीएचा मार्ग वेगळा आहे. पाण्यामुळे त्याची साखळी तुटून लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल तयार होते, आणि शरीर त्यांची विल्हेवाट लावते. ही दोन्ही आम्ले समप्रमाणात असलेला पीएलजीए साधारण एक-दोन महिन्यांत विघटित होतो. रेणुभार आणि आकार यांनुसार हा काळ बदलतो. जाड कांडीत आम्ल आत साठते आणि गाभा बाहेरच्या थरापेक्षा लवकर तुटतो. शेवटी कवच फुटते, आम्ल आणि बारीक तुकडे बाहेर पडतात, सुमारे 10 मायक्रोमीटरहून लहान तुकडे मॅक्रोफेज गिळू लागतात, आणि शांत झालेला दाह पुन्हा डोके वर काढू शकतो. ही दुसरी लाट कमी लेखली जाते, याची मला खरी काळजी वाटते. आम्लाने बिघडणाऱ्या प्रथिनासाठी मी पीएलजीए सहसा सुचवणार नाही. उलट गोसेरेलिनसारखे पेप्टाइड (प्रथिनापेक्षा खूप लहान रेणू) याच जातीच्या पॉलिमरमधून 28 दिवस यशस्वीपणे दिले जाते. डोळ्यात सोडल्या जाणाऱ्या ओझुर्डेक्स या पीएलजीए इम्प्लांटमध्ये तर 0.7 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे औषध स्वतःच दाह दाबते. पृष्ठभागाकडून झिजणारे पॉलिअॅनहायड्राइड हा तिसरा पर्याय आहे. मेंदूच्या गाठीसाठी 1996 साली अमेरिकेत मान्य झालेल्या ग्लियाडेल या इम्प्लांटमध्ये तो वापरला आहे.

काही आठवडे किंवा महिने द्यायचे, आम्ल सोसणारे औषध असेल आणि पुन्हा छेद घेणे टाळायचे असेल, तर मी पीएलजीए निवडेन, तेही शक्य तितक्या बारीक आकारात. वर्षानुवर्षे एकसमान मात्रेत स्टेरॉइड द्यायचे असेल किंवा उपचार मध्येच थांबवण्याची मुभा हवी असेल, तर ईव्हीए बरा. निर्णय पक्का करण्यापूर्वी औषधाविना नुसता पदार्थ आणि औषधासह पदार्थ यांची स्वतंत्र चाचणी घ्यावी, कारण औषधाचा परिणाम पदार्थाचा दोष झाकू शकतो. विघटनशील पदार्थाच्या बाबतीत तर शेवटचे तुकडे नाहीसे होऊन ऊती स्थिरावेपर्यंत तपासणी चालू ठेवावी.