पाचवीपर्यंत शाळेत गेलेल्या मुलाचं होमस्कूलिंग – नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

सुरुवातीलाच सांगते, जन्मापासून घरी शिकणाऱ्या मुलांचे अनुभव वाचून आम्ही हे सुरू केलं आणि तिथंच फसलो. आमचा मुलगा अकरा वर्षांचा, केजीपासून सात वर्षं शाळेत गेलेला. शेवटच्या वर्षी रोज सकाळी पोटात दुखायचं, डॉक्टर झाले, सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या, रविवारी मात्र पोट ठणठणीत. शाळेशी तीनदा बोललो, काही फरक पडला नाही. पाचवीचा निकाल लागल्यावर दाखला काढून आणला.

मग मी काय केलं, तर घरातच शाळा मांडली. चौदाशे रुपयांचा व्हाइटबोर्ड, कपाटाला चिकटवलेलं टाइमटेबल, मोबाईलवर पस्तीस मिनिटांचा अलार्म. ई-बालभारतीवरून सहावीची पुस्तकं फुकट डाउनलोड होतात, ती प्रिंट करून स्पायरल बाइंडिंग केली. पहिला आठवडा मस्त गेला. दुसऱ्या आठवड्यात मी ओट्यापाशी होते, मागं बघितलं तर हा दारात उभा, करंगळी वर करून. आपल्याच घरात बाथरूमला जायला परवानगी मागत होता. मला तिथंच रडू फुटलं. त्या दिवशी अलार्म बंद केला.

जुने होमस्कूलवाले पालक सांगतात की शाळेच्या दर वर्षामागे एक महिना मुलाला नुसतं मोकळं सोडा, अभ्यासाचं नाव काढू नका. हा काही नियम नाही, अनुभवाचा ठोकताळा आहे. आमच्याकडे सात महिने लागले नाहीत, पण मोकळा वेळ लागतो हे मात्र खरं ठरलं. मे-जून तो नुसता लोळला, टीव्ही बघितला, चिडचिड केली, दुपारी चार चार वेळा "आता काय करू?" सासूबाई म्हणायच्या पोरगं वाया घालवणार तू, आणि खरं सांगते, रात्री मलाही तसंच वाटायचं. काही दाखवलं की पहिला प्रश्न, "हे परीक्षेला आहे का?"

मग जुलै आला. आम्ही कोल्हापूरचे, पावसाळ्यात घराघरात सकाळी पहिलं विचारतात पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा आम्ही आत्याकडे राहायला गेलेलो, ते त्याला अंधुक आठवतं. तर यानं स्वतःहून वहीत रोजची पातळी लिहायला घेतली. एकदा काल ३८ फूट ९ इंच, आज ४१ फूट २ इंच, तर पाणी किती चढलं? यानं ४१.२ मधून ३८.९ वजा केले, २ फूट ३ इंच. आजोबा म्हणाले २ फूट ५. तासभर दोघांचा वाद. शेवटी हा शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधला टेप घेऊन आला, जमिनीवर पसरून मोजलं आणि ओरडला, "अगं आई, हातचा दहाचा नाही, बाराचा घ्यायचा!" तो हातचा मी बोर्डवर शिकवला असता तर दोन दिवसांत विसरला असता. पुढं आलेख, मग राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कसे उघडतात, मग नकाशा. परीक्षेला आहे का, हे तेव्हापासून विचारलेलं नाही.

आता आमचं काय चालतं, तर सकाळी दीड तास गणित आणि भाषा, तेवढं मी सोडत नाही, बाकी दिवस त्याचा. पूर्ण मोकळं सोडणं आम्हाला झेपलं नाही, शाळेची सवय असलेल्या पोराला थोडा आकार लागतोच असं माझं मत झालंय.

न जमलेलंही सांगते. मराठी लेखन मागं पडलंय, पाच ओळींच्या वर जात नाही. मित्रांचं तर अजूनही दुखतं, गॅदरिंगच्या दिवशी खिडकीत बसून होता. आता रोज साडेपाचला फुटबॉलला पाठवते, तिथं दोन मित्र झालेत. माझं काम (जीएसटीचे रिटर्न भरते) आता रात्री अकरापर्यंत चालतं, हे घरात आधी बोलून घ्या, एकट्या आईवर टाकू नका.

पुढं काय, हे सगळे विचारतात. १९८९ पासून चालू असलेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, एनआयओएस. तिथं चौदा पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी. आणि परत शाळेत जायचं म्हटलं तर शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलांना वयानुसार वर्गात प्रवेशाची तरतूद आहे. दाखला आणि जुन्या मार्कशीट जपून ठेवा, फाइलमध्ये.

जूनमध्ये शाळेत जायचंय का, परवा त्यालाच विचारलं. म्हणाला, या पावसाळ्यात नको, राधानगरीचे दरवाजे उघडल्यावर किती तासांनी बंधाऱ्यावर पाणी चढतं ते लिहायचंय. दोनशे पानी वही आणून ठेवलीये.