गुलाबी सुपरमॅन आणि मांजराविना टॉम

लेकीकडे अमेरिकेत एडिसनला गेलो की आठवड्याच्या सामानाला तिच्याबरोबर जाणं ही माझी ठरलेली फेरी. ती भाजीपाल्याकडे वळते आणि मी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात जातो. तिथे न खपलेल्या डीव्हीडी एका मोठ्या जाळीच्या पिंपात ओतून ठेवलेल्या असतात. गेल्या खेपेला त्या पिंपाच्या तळाशी हा संच हाताला लागला. चार डिस्क, १५० जुनी कार्टून, किंमत ५ डॉलर. म्हणजे एका कार्टूनला साडेतीन सेंटसुद्धा पडत नाहीत. मोझर बेअरने आपल्याकडे २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली होती, तेव्हा डोंबिवली स्टेशनातून घरी येताना माझी पिशवी अशीच भरायची.

"बाबा, हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे," लेक म्हणाली. आहेच. तरी घेतला.

एक सांगून टाकतो, म्हणजे पुढची कुरकुर कुठून येते ते कळेल. ताडदेवच्या एका फिल्म लॅबमध्ये मी ३१ वर्षं ग्रेडर होतो. प्रत्येक शॉटला तांबडा, हिरवा आणि निळा उजेड किती पॉइंट द्यायचा ते ठरवायचं, प्रिंट काढायची, पडद्यावर बघायची, पुन्हा ठरवायचं. त्यामुळे मला गोष्ट नंतर दिसते, आधी प्रिंट दिसते. आमची ही म्हणायची, तुमच्याबरोबर सिनेमाला येणं म्हणजे कुणाच्या घरी जेवायला जाऊन भिंतीची ओल बघत बसणं.

तर ओल.

हे संच इतके स्वस्त कसे, तर त्यातल्या कार्टूनांवर आता कुणाचा हक्क नाही. अमेरिकेत जुन्या कायद्याने हक्क पहिल्या २८ वर्षांपुरता असायचा, आणि मुदत संपताना अर्ज करून तो वाढवून घ्यावा लागायचा. सातबाऱ्यावर वारसाची नोंद करायची राहून जाते ना, तसं कित्येक कार्टूनांच्या बाबतीत झालं. १९४१ ते १९४३ मधली सुपरमॅनची सगळी १७ कार्टून, पॉपायची तीन लांब रंगीत कार्टून, बग्ज बनीची काही सुरुवातीची, कॅस्पर भुताचं १९४५ चं पहिलंवहिलं, ही सगळी मोकळी झाली. कुणीही उचलावीत, डिस्कवर घालावीत, विकावीत.

पण हक्क सुटला म्हणून निगेटिव्ह सुटत नाही. ते मूळ मालकाच्या कपाटातच राहतं. स्वस्त संच काढणाऱ्याच्या हाती येते ती कुठल्या तरी टीव्ही केंद्राने किंवा शाळेने टाकून दिलेली १६ एमएमची, म्हणजे अरुंद फिल्मवरची, प्रिंट. तीही मूळ निगेटिव्हवरून काढलेली असेलच असं नाही. प्रिंटवरून डुप, म्हणजे नकलेचं, निगेटिव्ह, त्यावरून पुन्हा प्रिंट, असं दोन-तीनदा झालेलं असतं. लॅबमध्ये आम्ही अशा प्रिंटला प्रिंट म्हणत नव्हतो, जे म्हणत होतो ते इथे लिहिता येणार नाही.

पहिली डिस्क सुपरमॅनची. लावली आणि पहिल्याच मिनिटाला ओळखीचा आजार दिसला: गुलाबी. ईस्टमनकलर नावाच्या रंगीत फिल्मवरच्या जुन्या प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो, मागोमाग पिवळा जातो, आणि शेवटी उरतो तो गुलाबी. टेक्निकलर या दुसऱ्या रंगपद्धतीच्या मूळ प्रिंटना हे होत नाही, त्यांचे रंग वेगळे छापलेले असायचे. म्हणजे ही कार्टून मुळात टेक्निकलरची असली तरी डिस्कवर आलेली प्रत नंतर कधीतरी ईस्टमनवर काढलेली, आणि नीट न ठेवलेली. आकाश डाळिंबी, रस्ते गुलाबी, वार्ताहर लॉइस लेन उन्हात भाजल्यासारखी. सुपरमॅनचा निळा पोशाख वांग्याच्या सालीच्या रंगाचा झालाय आणि त्याच्या लाल झग्यात मिसळून गेलाय. "आबा, याला ताप आलाय का?" नातवाने विचारलं. वय वर्षं सात. निदान अगदी बरोबर.

'द मेकॅनिकल मॉन्स्टर्स' घ्या. १९४१ चं, मालिकेतलं दुसरं. दागिने लुटायला यंत्रमानव येतो, लॉइस त्याच्या आत शिरून लपते, आणि इकडे क्लार्क, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, फोन बूथमध्ये कपडे बदलतो. ती प्रसिद्ध लकब पडद्यावर पहिल्यांदा दिसली ती इथेच. ही मालिका सुरू करणाऱ्या फ्लायशर स्टुडिओच्या लोकांनी तिच्यात सावल्यांवर जे काम केलंय ते आजही तोंडात बोट घालायला लावतं. अंधारातून एक कड उजळते, मग खांदा, मग पूर्ण आकृती. या डिस्कवर मात्र प्रतीवरून प्रत काढताना अंधार डांबरासारखा घट्ट झालाय आणि उजेड पांढराफटक. बूथच्या काचेमागे कपडे बदलणारा क्लार्क दिसायला हवा तिथे एक काळा चौकोन हलतो. कार्टून न पाहिलेल्याला कळणारच नाही की तिथे काहीतरी होतं. आवाज उशीखाली ठेवलेल्या रेडिओसारखा.

नंतर लायब्ररीतून वॉर्नरने २०२३ मध्ये काढलेली याच १७ कार्टूनांची ब्लू-रे आणून पाहिली. पोशाख निळा. आकाश निळं. नातू म्हणाला, "बरा झाला."

सुपरमॅनसाठी हा संच घेऊ नका. लेकीचं इथे सोळा आणे खरं आहे, यूट्यूबवरसुद्धा यापेक्षा बऱ्या प्रती सापडतात.

दुसरी डिस्क पॉपायची म्हणून विकली जाते, पण त्यात पॉपाय जेमतेम सात. त्यातलं १९३६ चं सिंदबादवालं मात्र सोळा-सतरा मिनिटांचं आहे आणि प्रिंट बरी आहे. सुरुवातीला पॅरामाउंटच्या पाटीऐवजी ए.ए.पी. अशी पाटी येते. त्या कंपनीने १९५६ मध्ये पॉपायची कार्टून टीव्हीसाठी घेतली आणि पाट्या बदलल्या. आम्हा लॅबवाल्यांना अशी पाटी दिसली की प्रिंटचं कूळ कळतं: टीव्हीची प्रत, १९५६ नंतरची. या कार्टूनमधली गंमत पाठीमागे आहे. पॉपायही फ्लायशरचाच, आणि त्यांनी काही दृश्यांसाठी खरोखरचं छोटं नेपथ्य बांधलं, ते फिरत्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्या पुढे चित्रांचे सेल, म्हणजे पारदर्शक कागद, धरून एकेक फ्रेम टिपली. त्यामुळे पॉपाय चालतो तेव्हा मागच्या गुहा आणि खडक खरे वळतात. आपल्या लॅबमध्ये कुणी हे आणलं असतं तर आम्ही चहा सोडून बघत बसलो असतो. नातवाला त्याचं काही नाही. तो हसला ते पॉपायचा खादाड मित्र विम्पी खिमा करायचं यंत्र घेऊन बदकामागे हिंडतो तेव्हा. तीनदा मागे नेऊन बघितलं.

बग्ज बनीचं थोडक्यात: चार कार्टून, चारही धुरकट, पुढे.

आता फसवणुकीबद्दल. डब्याच्या पाठीवर ठळक अक्षरात 'टॉम अँड जेरी' लिहिलंय. चित्र काढलेलं नाही, नुसतं नाव. नातवाने आधी तेच लावायचा हट्ट धरला. पडद्यावर आली दोन माणसं. एक उंच, एक बुटका, काळेपांढरे, पियानो दुरुस्त करतायत. पाच मिनिटं तो गप्प बसला. मग अगदी सभ्यपणे विचारलं, "आबा, मांजर कधी येणार?"

मांजर येणारच नव्हतं. न्यूयॉर्कच्या व्हॅन ब्यूरेन स्टुडिओने १९३१ ते १९३३ मध्ये टॉम आणि जेरी नावाच्या दोन माणसांची २६ कार्टून काढली होती. एमजीएम स्टुडिओचं मांजर-उंदराचं पहिलं कार्टून आलं १९४० मध्ये. पुढे या दोन माणसांची नावं बदलून डिक आणि लॅरी करावी लागली, गोंधळ नको म्हणून. गंमत अशी की मांजर-उंदराचे एक जनक जो बार्बेरा उमेदवारीच्या काळात याच व्हॅन ब्यूरेनमध्ये काम करत होते. नाव खोटं नाही, वकील काही म्हणू शकणार नाही, पण संच काढणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की आजोबा काय समजून डबा उचलणार आहेत. हापूसच्या पेटीत रायवळ भरावेत तशातला प्रकार. आता रायवळसुद्धा चवीने खाणारे असतात. मला ती कार्टून आवडली, विशेषतः सांगाडे नाचतात ते. पण सात वर्षांच्या मुलाला वचन वेगळं दिलं होतं.

आणखी एक, घरात लहान मुलं असतील तर. युद्धकाळातली कार्टून या संचात तशीच्या तशी घातली आहेत. 'जॅपोटिअर्स' मधले जपानी आणि 'जंगल ड्रम्स' मधले आफ्रिकन ज्या पद्धतीने काढलेत ते बघून मी रिमोट शोधायला लागलो. नातवाचा वर्गातला जिवलग मित्र जपानी आहे. मोठ्या कंपन्या अशा जुन्या कार्टूनांच्या आधी निदान एक सूचना घालतात, इथे मेनूत नावसुद्धा चुकीचं छापलंय. मुलाच्या हाती डिस्क देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका, एवढंच.

तांत्रिक बाजू एका दमात सांगतो. प्रत्येक डिस्क एकाच थराची, ४.७ जीबीची. तिच्यात दोन तास आरामात मावतात. इथे सव्वाचार तास कोंबलेत, गर्दीच्या वेळच्या कल्याण लोकलसारखे. धूर, पाणी, वावटळ असं काही आलं की चित्राचे चौकोन फुटतात, आणि वेगाने कुणी धावलं की कडांना कंगव्याचे दात येतात. जमेची बाजू म्हणजे रीजनचं कुलूप नाही (डिस्क ठरावीक देशांतच चालावी म्हणून घालतात ते), डोंबिवलीच्या माझ्या जुन्या प्लेअरवर विनातक्रार चालल्या. चौथी सोडून. ती दोन ठिकाणी अडकते.

मग पाच डॉलर पाण्यात गेले का? नाही, आणि याला कारण तिसरी डिस्क. डब्यावर तिचं नावसुद्धा धड नाही, 'आणखी मजेशीर मित्र' की काहीतरी. कुणाला विकायला उपयोगी नाही असं सगळं तिच्यात ढकललेलं. फ्लायशरच्याच बेटी बूप या नायिकेचं १९३४ चं 'पुअर सिंड्रेला' तिथे आहे, आणि अब आयवर्क्स या कार्टूनकाराचं १९३५ चं 'बलून लँड'.

'पुअर सिंड्रेला' लावलं तेव्हा नातू लगेच म्हणाला, "हीपण आजारी." बेटीचे केस तांबडे, आकाश मोरपिशी, गवत हिरवं म्हणावं तर निळं. मी थांबवलं आणि त्याला शेजारी बसवून घेतलं, कारण ही आजारी नव्हती. त्या काळात पूर्ण तीन रंगांचं टेक्निकलर कार्टूनसाठी वापरायचा करार एकट्या डिस्नेकडे होता, १९३५ अखेरपर्यंत. बाकीच्यांनी दोन रंगांच्या पद्धतींवर भागवलं, या कार्टूनला सिनेकलर. त्यात दोनच रंग: एक तांबूस, एक निळसर-हिरवा. प्रिंटच्या फिल्मला दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा थर, एका बाजूला एक रंग, दुसऱ्या बाजूला दुसरा. पिवळाजर्द नाही, जांभळा नाही. म्हणजे भाजीवालीकडे फक्त टोमॅटो आणि मेथी आहे आणि तेवढ्यात पंगत वाढायची आहे. मग त्यांनी रंग ठरवतानाच तसे ठरवले. एरवी काळ्या केसांची बेटी इथे लाल केसांची झाली ती त्या तांबड्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यायला. फ्लायशरच्या काळात बेटी रंगात आली ती एवढीच एकदा.

आणि ही प्रत चांगली आहे. कुणा संग्राहकाकडची जुनी प्रिंट हाती लागली असावी. ओरखडे आहेत, रीळ बदलायची खूण उजव्या कोपऱ्यात लखकन येते, पण ते दोन रंग जिवंत आहेत. मी निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा पडद्याजवळ जाऊन उभा राहिलो. भोपळ्याच्या गाडीच्या कडेला जिथे तांबूस आणि निळसर एकमेकांवर येतात तिथे एक करडी रेघ पडते, केसाएवढी. दोन बाजूंचे रंग एकमेकांवर तंतोतंत बसले नाहीत की पडते ती. यंत्राने घासूनपुसून काढलेल्या प्रतीत ही रेघ कदाचित राहिली नसती. नातवाला दाखवली. त्याने बोट लावून बघितलं आणि टीव्हीवर जॅमचा डाग पाडला.

'बलून लँड' तर त्याने पाठच केलं. फुग्यांचं गाव, आणि त्यात टाचण्या घेऊन शिरलेला दुष्ट माणूस. त्या रात्री त्याने वाढदिवसाचे उरलेले सगळे फुगे कपाटात बंद केले.

तर घ्यायचा असेल तर तिसऱ्या डिस्कसाठी घ्या, पॉपायचा सिंदबाद वरकड समजा. सुपरमॅन आणि बग्ज बनी हवे असतील तर पैसे साठवून दुरुस्त केलेल्या आवृत्त्या घ्या, किंवा लायब्ररीतून आणा. टॉम अँड जेरी हवे असतील तर आधी डब्यावर मांजर शोधा. दहा डॉलरला मी हा संच पिंपात परत टाकला असता.

तिसरी डिस्क नातवाकडे एडिसनलाच ठेवली. बाकीच्या तीन बॅगेत घालून आणल्या. त्यातली चौथी, ती अडकणारी, सध्या डोंबिवलीच्या आमच्या बाल्कनीत दोऱ्याने टांगली आहे, कबुतरांना पळवायला. कबुतरं येतातच.