साइज ५ म्हणून कापलेली बॅट गळ्यात मारली, ६,९०० रुपये बुडाले

नाशकात पोराला लेदर बॉलची बॅट घ्यायला निघाला असाल तर खिशात मोजपट्टी टाका आणि बॅट वजन करूनच घ्या. माझे गेले ते असे: बॅट ६,४००, नॉकिंग (नवी बॅट लाकडी हातोडीने ठोकून तयार करणं) ३५०, जादा ग्रिप १५०. ‘इंग्लिश विलो, साइज ५’ म्हणून हे पैसे घेतले. निघाली काश्मिरी विलोची, म्हणजे स्वस्तातल्या लाकडाची, मोठ्या माणसाची बॅट, खालून अडीच-तीन इंच कापलेली, वर लाकडाच्या रेघा छापलेली पारदर्शक शीट.

मापात मी चुकलो नव्हतो, हे आधीच सांगतो. मुलगा ५ फूट, त्याला ५ नंबर बरोबर. ४ फूट ९ ते ४ फूट ११ ला ४ नंबर, ५ फूट २ च्या पुढे ६, ५ फूट ४ ओलांडली की हॅरो, म्हणजे ६ आणि मोठ्या माणसाच्या बॅटीमधलं माप. कंपनीगणिक इंचभर इकडेतिकडे होतं. ५ नंबरची लांबी साधारण ३१ इंच, आणि ती दुकानदाराने टेप लावून दाखवली. भरणारच ना, तेवढीच ठेवून कापलेली!

कापलेली बॅट लांबीत सापडत नाही. ब्लेडची रुंदी बघा. मोठ्या बॅटची सव्वाचार इंचांपर्यंत असते, ५ नंबरची त्याहून अरुंद. हँडल पोराच्या मुठीत मावत नाही. पाठीचा फुगवटा टोकाकडे उतरत जायला हवा, कापलेल्या बॅटीत तो टोकाशीच धाडकन संपतो. सगळं वजन खाली, त्यामुळे बॅट उशिरा येते आणि पोरगं आडवं खेळायला लागतं.

दुकानात मुलाने उचलली आणि म्हणाला, “बाबा, खाली जड लागतेय.” दुकानदार म्हणाला, “नॉकिंग झालं की हलकी होते.” नॉकिंगने वरचे तंतू दाबून घट्ट होतात, वजन ग्रॅमभरही उतरत नाही. हे मला ठाऊक होतं! तरी मान डोलावली आणि वर पोरालाच दटावलं. नंतर वाण्याच्या काट्यावर ठेवली: १,१३० ग्रॅम. ५ नंबर हजाराच्या आसपास हवी.

टोकाला काळं रबर चिकटवलेलं होतं. टो-गार्ड हल्ली सगळेच लावतात, त्यात संशय कुणाला येणार? पण उघडं टोक बघितल्याशिवाय घेऊ नका. खऱ्या रेघा टोकाच्या कापावरही दिसतात, छापलेल्या कडेलाच थांबतात. माझ्या शीटचा कोपरा तिसऱ्या दिवशी सुटला. ओढली तर रेघा शीटबरोबर आल्या आणि खाली तांबूस लाकूड.

चौकीत गेलो तर “खेळायची बॅट ना? मिटवून घ्या.” दुसऱ्या फेरीला साहेब कुंभाच्या बैठकीला. तिसऱ्या फेरीला अर्ज घेतला, पोच नाही. चौथ्या फेरीला विचारतात, बिल कुठंय? पावतीवर ‘१ बॅट, ६४००’ एवढंच. साइज नाही, विलो नाही, जीएसटी क्रमांक नाही. यूपीआय भलत्याच नावावर गेलेलं. म्हणे हा ग्राहक मंचाचा विषय. मग तीन फेऱ्या कशाला मारायला लावल्या? आणि फसवणुकीचं कलम काय फक्त लाखांच्या वर लागतं? पक्क्या बिलावर ‘इंग्लिश विलो, साइज ५’ लिहून घ्याच. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत २ वर्षं, आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. मी टाकलीय तक्रार.

उजव्या हाताने खेळणाऱ्या पोराला बॅट नुसत्या डाव्या हातात आडवी धरायला लावा. वीस सेकंदांत टोक खाली झुकलं तर ठेवून द्या, कितीही “वर्षभरात वाढेल हो” म्हणू देत.

परवा त्या दुकानावरून गेलो. मागच्या फळीवर काळ्या टो-गार्डच्या आणखी सात बॅटी उभ्या होत्या, सगळ्यांवर ५ नंबरचं स्टिकर.