मध-सोया की गूळ-चिंच? रात्रीच्या घाईतला ग्लेझचा मासा

ग्लेझ म्हणजे माशावर चढणारा गोडसर, चकचकीत रस, मध-सोयाचा किंवा गूळ-चिंचेचा. त्यात वेळेवरून निवड करायला जाऊ नका. संध्याकाळी घरी येऊन लागलात की दोन्ही प्रकार अर्ध्या तासाच्या आत पानात येतात. दिसायलाही दोन्ही सारखेच चकचकीत.

मध-सोयाला खटपट कमी, हे मान्य. बाटल्या उघडा, आलं-लसूण ठेचा, झालं. गुळाच्या वाटेला गेलात की चिंच भिजवा, कोळ काढा, गूळ विरघळवा आणि वर गाळाही, कारण चांगल्या गुळातसुद्धा चिपाडाचा कण सापडतो. आपल्याकडे गूळ घरात असतोच, पण दमून आलेल्या माणसाला हा युक्तिवाद सांगू नये.

माझं मत ठरलं ते दुसऱ्या घाण्यावर. आमच्या तव्यावर सुरमईच्या चारच तुकड्या मावतात आणि खाणारी तोंडं जास्त. मधात फ्रुक्टोज भरपूर, ते साधारण ११० अंश सेल्सिअसपासूनच रंग धरू लागतं. गुळातली बहुतेक गोडी सुक्रोजची, ती १६०च्या आसपास रंग धरते. गूळ करपत नाही असं नाही, पण जरा उसंत देतो. मध-सोयाचा पहिला घाणा देखणा निघतो. तो काढेस्तोवर तव्यावर काळा चिकट थर बसलेला असतो आणि दुसऱ्या घाण्याला त्याचा कडवटपणा लागतो. मध्येच तवा धुवायचा म्हणजे घासणी, वाफ, पुन्हा तापवणं, तोवर भात निवतो. पहिला घाणा मुलांच्या आणि आईच्या पानात जातो. कडू कोणाच्या वाट्याला येतं ते सांगायला नको.

मग ग्लेझ वेगळं आटवून वरून ओता, असं कोणी म्हणेल. मध-सोया तसंही करून पाहिलं. सोया आटला की खारटपणा चढतो, आणि मासा आधीच मिठात मुरलेला. मीठ कमी लावलं तर आतून फिका, नेहमीचं लावलं तर पाणी प्यायची वेळ. कदाचित माझा अंदाज कच्चा असेल. गूळ-चिंचेत मीठ आपल्या हातात राहतं.

अर्धा किलो सुरमईला दोन मोठे चमचे गूळ, तीन चमचे दाट कोळ, थोडं पाणी, ठेचलेला लसूण. रंगाला ब्याडगी, तिखटाला चिमूटभर संकेश्वरी. जास्त नको, ती गोडाला जुमानत नाही. चमच्याच्या पाठीला रस धरेपर्यंत छोट्या पातेल्यात आटवा. मासा हळद-मीठ लावून एकेका बाजूने दोन-तीन मिनिटं भाजा आणि रस गॅस बंद केल्यावर घाला. एक मात्र पाळा: बिडाच्या तव्यावर चिंच ओतू नका, तव्याचं वळण, म्हणजे त्यावर मुरलेला तेलाचा थर, जातं आणि माशाला लोखंडी चव येते. तुकड्या ताटात काढून त्यावर घाला.

मध-सोया कुठे सरस? फ्रीजरमधला बिनकाट्याचा बासा, नॉनस्टिक तवा, दोनच माणसं आणि लहान मूल. अशा घरी मी काहीच बोलणार नाही. बासाला स्वतःची चव बेताचीच, त्याला सोया उपकारच करतो.

बांगड्याला मात्र चिंचच. त्याच्या तेलकटपणावर मध बसला की दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं. पावसाळ्यातही तेच. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, चोर्ला घाटातून येणारी गोव्याची मासळी आटते आणि सुरमईचा भाव ऐकून माणूस रोहू-कटल्याकडे वळतो. त्या गोड्या पाण्यातल्या माशांना मातकट वास असतो. तो चिंच झाकते, मध झाकत नाही.

कोळाची कटकट नको असेल तर रविवारी जास्तीचा काढून, उकळून, बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. आठवडाभर सहज टिकतो, मग खटपटीच्या बाबतीतही मध-सोयाचं पारडं फारसं जड राहत नाही.