चौरस फूट नेमका कोणता? साताऱ्यातील घरबांधणीच्या एका कंत्राटाचा अनुभव

साताऱ्याच्या वेशीबाहेरील आमच्या भूखंडावर २०२२ च्या दिवाळीनंतर आम्ही घर बांधायला काढले. तळमजला आणि त्यावर एक मजला असे ते घर अकरा महिन्यांत पूर्ण व्हायचे होते. प्रत्यक्षात एकोणीस महिने लागले आणि त्यांतील जवळजवळ तीन महिने काम वादामुळे पूर्णपणे बंद होते. कंत्राटदाराचे नाव येथे देत नाही, कारण हिशेब मिटवताना दोघांनीही सह्या केल्या आहेत आणि त्यानंतर नाव घेऊन बोलणे मला बरे वाटत नाही. मात्र साहित्यासह, चौरस फुटाच्या दराने घर बांधून देण्याची ही जी सेवा आपल्याकडे सर्रास घेतली जाते, तिच्यात काय चांगले निघाले आणि कशावरून बिनसले, हे घर बांधू पाहणाऱ्यांसमोर आकड्यांसह ठेवावे, एवढ्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

व्यवहार असा होता: मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम १,६४० चौरस फूट, दर १,८५० रुपये, एकूण ३०,३४,००० रुपये. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर दोन पानी करार झाला. सिमेंट कोणत्या कंपन्यांचे चालेल, सळई कोणत्या प्रतीची, फरशी जास्तीत जास्त किती दराची, स्वयंपाकघराचा ओटा कोणत्या दगडाचा, बाथरूममधील टाइल्स किती उंचीपर्यंत, हे सगळे मी हौसेने लिहून घेतले होते. ज्या चौरस फुटावर सगळा पैसा ठरणार होता, तो कोणत्या रेषेपासून कोणत्या रेषेपर्यंत मोजायचा, याबद्दल मात्र दोन्ही पानांवर एक शब्दही नव्हता.

कंत्राटदाराच्या बाजूने जे बोलायला हवे ते आधी बोलतो. लाइनआउट (जमिनीवर घराच्या रेषांची आखणी) त्यांनी स्वतः उभे राहून केले, कर्ण दोनदा मोजून गुण्या (काटकोन) तपासला, आणि पायाचा खड्डा कठीण मुरूम लागेपर्यंत नेला. त्यासाठी नकाशापेक्षा दीड फूट जास्त खोदावे लागले, तरी त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत. सळईबद्दल माझ्या मनात पहिल्यापासून किंतु होता. बारा मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला साधारण ८८८ ग्रॅम भरायला हवे, हे (व्यासाचा वर्ग भागिले १६२ या गवंड्यांनाही पाठ असलेल्या सूत्रावरून) मला ठाऊक होते, म्हणून एक मीटरचा तुकडा कापून घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. तो ८६० ग्रॅम भरला, म्हणजे मानकातील सवलतीच्या आत होता. दुकानदार हसला आणि मी थोडा ओशाळलो. कॉलमला चाळीस मिलिमीटरचे आणि स्लॅबला वीस मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळईबाहेर तेवढे काँक्रीट राहावे म्हणून लावायचे ठोकळे) मागितल्यावर मिळाले, सळयांभोवतीच्या रिंगांचे अंतर नकाशाप्रमाणे होते, आणि स्लॅबच्या दिवशी व्हायब्रेटर एक चालू व एक राखीव असे दोन आणले होते. आरसीसीच्या, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, कामाला मी आजही पाचपैकी चार गुण देईन.

पाचवा गुण गेला तो पाण्यावर. दुसरा स्लॅब एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे ऐन उन्हाळ्यात पडला. सिमेंट पीपीसी (राखेसारखा घटक मिसळलेले) होते. आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या मानकानुसार अशा मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी मारायला हवे आणि जमल्यास चौदा दिवस मारावे अशी शिफारस आहे. साध्या ओपीसी सिमेंटची सात दिवसांची मुदतसुद्धा कोरड्या, उष्ण हवेत दहाच्या खाली आणता येत नाही. आमच्या स्लॅबवर वाळू-सिमेंटची आळी करून पाणी साठवले गेले ते चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा आळी कोरडी पडली होती आणि टँकर परवडत नाही असे उत्तर मिळाले. उरलेल्या दिवसांचे टँकर मी माझ्या खर्चाने आणले, पण त्याची पावती घेऊन ठेवायचे सुचले नाही, आणि पुढे हिशेबाच्या वेळी ते पैसे कोणी मानले नाहीत.

मे महिन्यात गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (पाणी रोखण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा थर) घाईघाईने उरकला. जुलैत पूर्वेकडच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल आली. पॅरापेट भिंत (गच्चीचा कठडा) आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे कोब्याची गोलाई धरून वाटा (सांध्यावरची भर) भरावा लागतो. आमच्याकडे तो काटकोनात, नुसता पुसून घेतल्यासारखा भरला होता. त्यावर दोनदा रसायन लावून गेले आणि दोन्ही वेळा ओल परत आली. गच्चीचा उतार पाइपाकडे आहे की नाही हे पाहण्यासाठी मी बादलीभर पाणी ओतले, तेव्हा त्यातले अर्धे पाणी उलट्या दिशेने त्याच कोपऱ्यात जाऊन थांबले, आणि त्यानंतर रसायनाला दोष देण्यात काही अर्थ उरला नाही.

एवढे सगळे होऊनही वाद पेटला नव्हता. तो पेटला डिसेंबर २०२३ मध्ये, प्लास्टर संपल्यावर, जेव्हा कंत्राटदारांनी अंतिम मापांचा कागद हातात दिला. त्यावर क्षेत्रफळ २,०१२ चौरस फूट होते. वाढीव ३७२ फुटांची फोड त्यांनी प्रामाणिकपणे लिहिली होती: छज्जे ११८, जिन्याची टोपी (गच्चीवर जिन्यावरची छोटी खोली) ९६, खोल्यांतील माळे ८४ आणि पोर्च ७४. माझ्या दृष्टीने हा ६,८८,२०० रुपयांचा अचानक पडलेला बोजा होता. त्यांच्या दृष्टीने तो रोजचा हिशेब होता. “सर, जिथं सेंट्रिंग ठोकलं आणि काँक्रीट पडलं, ते सगळं मापात येतं. आमच्याकडं असंच मापतात,” असे ते म्हणाले, आणि ते खोटे बोलत होते असे मला आजही वाटत नाही. स्लॅबच्या मापावर मजुरी घेणारे अनेक ठेकेदार खरोखरच असे मोजतात. पण मजुरीच्या दराला लागू असलेली ती रीत साहित्यासह ठरलेल्या १,८५० रुपयांच्या दराला लावली, की दोन फूट रुंदीच्या छज्ज्यालाही फरशी, खिडकी, रंग आणि वायरिंग यांचा दर लागतो, आणि छज्ज्यात यांपैकी काहीच नसते. माझा सगळा आक्षेप या एका वाक्यात होता. तो समोरासमोर पटवून द्यायला मला तीन बैठका लागल्या आणि तरीही तो पटला नाही. कामगार दुसऱ्या साइटवर गेले.

तोपर्यंत मी किती पैसे देऊन बसलो होतो, हे सांगितल्याशिवाय माझी अडचण लक्षात येणार नाही. हप्ते असे ठरले होते: सुरुवातीला १० टक्के, जोत्यापर्यंत १५, पहिल्या स्लॅबला २०, दुसऱ्या स्लॅबला २०, वीटकामाला १०, प्लास्टरला १०, फरशीला १० आणि ताब्याच्या वेळी ५. याप्रमाणे प्लास्टरपर्यंत ८५ टक्के, म्हणजे २५,७८,९०० रुपये गेले होते आणि माझ्या हाती ४,५५,१०० रुपये उरले होते, तर फरशी, दारे, रंग, नळकाम आणि विजेची उर्वरित जोडणी एवढे सगळे बाकी होते. उरलेले काम उरलेल्या पैशांत दुसऱ्या कोणाकडून होणे शक्य नव्हते आणि ही गोष्ट त्यांनाही कळत होती. विलंबाबद्दल दंडाचे कलम करारात नव्हते. ते लिहायला मी संकोचलो होतो, कारण पहिल्याच भेटीत अविश्वास दाखवणे बरे दिसत नाही असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले.

ओळखीच्या प्रत्येकाने महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, रस्ता दाखवला. तो या प्रकरणात लागू होत नाही: रेरा कायदा प्रकल्प उभारून घरे विकणारा प्रवर्तक आणि ती घेणारा ग्राहक यांच्यासाठी आहे, स्वतःच्या जमिनीवर कंत्राट देऊन घर बांधणाऱ्यासाठी नाही. आमच्यासारख्यांना ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येतच घरबांधणीचा उल्लेख आहे, दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, २० ते ५० लाखांच्या व्यवहाराला शुल्क अवघे १,००० रुपये आहे आणि मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. वकिलांनी हे सगळे सांगून वर विचारले, की घरात राहायला जायचे आहे की खटला चालवायचा आहे. जानेवारीत नोटीस गेली. तिच्यात तक्रारीची भाषा मोजकी होती, पण दोघांनी मिळून एक त्रयस्थ अभियंता नेमावा आणि त्याचे माप मान्य करावे असा प्रस्ताव होता, आणि कंत्राटदारांनी तो आठ दिवसांत स्वीकारला. याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

फेब्रुवारीत अभियंत्यांनी दिवसभर टेप धरून मापे घेतली. इमारतीचे क्षेत्रफळ कसे मोजावे यासाठी आयएस ३८६१ हे स्वतंत्र मानक आहे, हे मला त्या दिवशी कळले. त्यानुसार माळे जोते-क्षेत्रात (इमारतीच्या मोजायच्या बांधीव क्षेत्रात) धरत नाहीत आणि जिन्याची टोपी धरतात. छज्जे त्यांनी वगळले. पोर्चला छत आणि खाली फरशी होती पण भिंती नव्हत्या, म्हणून तो निम्म्याने धरावा असे त्यांनी सुचवले आणि दोघांनीही मान डोलावली. म्हणजे वाढीव क्षेत्र ३७२ नव्हे, तर १३३ चौरस फूट, आणि रक्कम २,४६,०५० रुपये. गच्चीवर पाणी साठवून चाचणी घेतली, तर दुसऱ्याच दिवशी खालच्या कोपऱ्यातून थेंब पडू लागले. कोबा काढून पुन्हा करण्याचे ६२,००० रुपये त्यातून वजा झाले. मी जादा १,८४,०५० रुपये द्यायचे, ते फरशी, रंग आणि ताबा अशा तीन टप्प्यांत, प्रत्येक टप्पा पूर्ण झाल्यावरच, असे लेखी ठरले. विलंबाबद्दल मला काही मिळाले नाही. जिन्याची टोपी मी स्वतः मोजायला विसरलो होतो, हेही कबूल करतो; माझ्या १,६४० च्या आकड्यात ती नव्हती, आणि ते ९६ फूट पहिल्या दिवसापासून त्यांचे न्याय्य येणे होते.

मार्चपासून जूनपर्यंतचे काम नीट झाले. फरशीच्या सांध्यांत ओळ चुकलेली नाही, दारे अडकत नाहीत, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात पूर्वेकडचा कोपरा कोरडा राहिला.

एकूण सेवेला मी पाचपैकी अडीच गुण देतो. याच कंत्राटदारांना आरसीसीचे काम मजुरीवर, साहित्य माझे आणि मापाची रेषा नकाशावर लाल शाईने आखून दिलेली, अशा अटींवर मी पुन्हा बोलावीन. साहित्यासह संपूर्ण घर त्यांच्यावर सोपवणार नाही. जिन्याची नववी पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा अर्धा इंच उंच आहे. ती ना त्यांच्या मापात आली, ना अभियंत्यांच्या, आणि पाहुण्यांना आम्ही आता आधीच सांगून ठेवतो.